ओळख पटली: होय

माझं काम चेहऱ्याचं.
सुई डॉक्टर हेल्मिनेन टोचतात,
पडद्यावर मणके आणतो तो तंत्रज्ञ पोरगा,
मी टेबलाच्या उशाशी उकिडवी बसते
शिशाच्या ॲप्रनसकट,
आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या
कपाळावरची एकेक आठी कागदावर उतरवते.

आज वेइक्को. वय चोपन्न.
तीस वर्षं जंगलात, ओंडके कापणाऱ्या यंत्राच्या खुर्चीत,
गोठलेल्या चाकोऱ्यांवरून हादरे खात.
एमआरआयमध्ये दोन चकत्या काळ्या.
तिसरी, वरची, पांढरीशुभ्र,
साक्षीदार म्हणून बोलावलेली.
काळी म्हणजे दुखरीच असं नसतं;
केस पिकले म्हणून कुणी शहाणं होत नाही, तसंच.

सर्जन म्हणाले होते, दोन्हीकडे स्क्रू घालून जोडून टाकू.
सिनिक्का, त्याची बायको, म्हणाली होती,
आधी नक्की कोण ते तर कळू दे.

म्हणून ही ओळखपरेड.
संशयित पाठीमागे उभे,
आणि फिर्यादीला मान वळवायची परवानगी नाही.
भूल फक्त कातडीला.
झोपलेल्याची साक्ष धरत नाहीत.

कुठल्या चकतीत रंग सोडतोय ते आम्ही सांगत नाही.
विचारायचं एवढंच:
दुखतंय का? किती?
आणि, तुमचंच आहे का?

हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक दचकतात.
दुखणं म्हणजे काय छत्री आहे,
कुठेतरी विसरलेली,
वर धरून विचारायला?

पहिली.
"दाब. बाकी काही नाही."
रंगाचा थेंब मधोमध गोल थांबला,
शहाण्या मुलासारखा.

दुसरी.
टेबलाच्या कडेवर बोटं पांढरी पडली.
"सात," तो म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही.
"पण हे माझं नाही.
हे कमरेत आडवं पसरतंय.
माझं असं वागत नाही."
मी सात लिहिलं, पुढे लिहिलं: परकं.

चौदा वर्षांत त्याला कोण कोण काय म्हणालं
ते सगळं फायलीत आहे.
वजन उतरवा. पोहायला जा. मनावर घेऊ नका.
एका कोपऱ्यात, पेन्सिलीनं:
वाढवून सांगतो का?
त्या माणसानं आत्ता,
होय म्हणणं इतकं सोपं असताना,
सातचं दुखणं परत केलं,
दुकानदारानं चुकून जास्त दिलेली मोड
परत करावी तसं.

तिसरी. पिचकारी जेमतेम हलली होती.
रंग मागच्या चिरेतून झिरपला
आणि वेइक्कोच्या तोंडून आमच्याकडची जुनी शिवी निघाली,
लांबलचक र असलेली.
"हाच. हाच तो.
उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे जातो,
गुडघ्याच्या अलीकडे थांबतो.
बूट काढताना येतो, तो."
किती?
"आठ."
आणि तो हसत होता.
डोळ्यातलं पाणी नाकाच्या शेंड्यावर,
तिथून माझ्या मनगटावर.
हसण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

"एकच आहे, सगळ्यात खालची,"
डॉक्टर नंतर म्हणाले. "दोन जोडायचं कारण नाही.
पण कुठे दुखतंय ते कळलं, वेइक्को.
थांबेल का, ते ही सुई सांगत नाही.
कधीकधी तर सुईही खोटं बोलते."
"विचार करतो," तो म्हणाला
आणि खिडकीबाहेर बघत राहिला.
तळ्यावर, बर्फाला भोक पाडून,
कुणी एकटाच स्टुलावर बसला होता
दोरी बोटाला गुंडाळून.

बूट मी घातले त्याला.
लाजत त्यानं पाय पुढे केला.
"तुझं कुठे?" त्यानं एकदम विचारलं.
मी ॲप्रन खुंटीला अडकवत होते,
सात किलो, एकोणीस वर्षं,
आणि हात आपोआप कमरेवर गेला होता.
"माझं काही नाही," म्हणाले.

फॉर्म समोरच पडला होता.
ओळख पटली: होय.
खाली माझी सही.